बंदुकीला वकील, आईला तारीख

आपली पोरं मेली की आपण घोषणा देतो. 'न्यायालयीन चौकशी झालीच पाहिजे!' घसा फाटेस्तोवर देतो. रस्ता अडवतो, लाठ्या खातो, दोन दिवस आत जाऊन येतो. मग एक मंत्री उभा राहतो आणि जाहीर करतो, सरकारनं चौकशी आयोग नेमला आहे. आपल्याला वाटतं, जिंकलो. झेंडे गुंडाळतो आणि कामधंद्याला लागतो.

आणि आयोगापुढं कोण जातं?

जिचा पोरगा मेला ती बाई जाते. हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत पोराचा फोटो, रेशनकार्ड, मृत्यूचा दाखला, पेपरातलं एक कात्रण. दोन बस बदलून जाते. त्या दिवसाची धुणीभांडी बुडवून जाते. तिथं शिपाई विचारतो, 'कुणाकडं काम आहे?' तिला सांगता येत नाही. कारण काम तिचं नाही. काम सरकारचं आहे. तिचं फक्त पोरगं मेलंय.

दोस्तहो, या अंकात मला एवढ्या एका गोष्टीवर बोलायचंय. आयोगावर नाही, आयोगाच्या खोलीतल्या त्या बाईवर. तिच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर. त्या खुर्चीत तिचा वकील बसायला पाहिजे होता. तो का नाही? कुणी द्यायचा होता? आणि आपण कुठं होतो?

*

रमाबाई नगरपासून सुरू करू. कारण ती जखम अजून ओली आहे आणि तिच्यावरून सगळं शिकता येतं.

११ जुलै १९९७. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या गळ्यात चपलांची माळ दिसली. माणसं घरातून होती तशी बाहेर आली. कुणी दात घासत, कुणी डबा हातात घेऊन. पूर्व द्रुतगती महामार्ग अडला. राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी आली आणि वस्तीच्या दिशेनं गोळ्या सुटल्या. १० माणसं मेली, २६ जखमी झाली. त्याच आठवड्यात शाहीर विलास घोगरेंनी गळफास घेतला. तो अकरावा कुठल्याच सरकारी यादीत नाही.

राज्य युतीचं होतं. मुख्यमंत्री मनोहर जोशी, गृहखातं गोपीनाथ मुंड्यांकडं. पोलिसांचं म्हणणं काय? तर जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता. टँकर पेटला असता तर सगळी वस्ती जळून खाक झाली असती. म्हणून गोळ्या घालाव्या लागल्या. वा रे वा! म्हणजे आम्ही आमचीच घरं जाळायला निघालो होतो, आणि पोलिसांनी आम्हाला मारून आम्हाला वाचवलं. उपकार झाले!

आयोग बसला. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एस. डी. गुंडेवार यांचा. १९९८ साली अहवाल आला. टँकरची कहाणी टिकली नाही. गोळीबाराची गरज नव्हती असं आयोगानं म्हटलं आणि तुकडीचा उपनिरीक्षक मनोहर कदम याच्यावर ठपका ठेवला. ठपका ठेवला १९९८ ला. सत्र न्यायालयानं सदोष मनुष्यवधासाठी जन्मठेप दिली ७ मे २००९ ला. मधली अकरा वर्षं कुणी मोजली? आणि शिक्षा होऊन वर्ष-दोन वर्षं नव्हे, थोडे दिवस झाले असतील नसतील, वरच्या कोर्टातून जामीन झाला. आमदार, मंत्री, मुख्यमंत्री बदलत गेले. वस्तीतल्या आया म्हाताऱ्या होत गेल्या.

आता कुणी म्हणेल, आयोगानं बरोबर सांगितलं ना? मग तक्रार काय?

तक्रार अशी की बरोबर सांगितलं तरी अकरा वर्षं लागली. आणि जिथं असं सांगणारा न्यायाधीश मिळाला नाही तिथं काय झालं ते आठवा. २३ नोव्हेंबर १९९४, नागपूर. गोवारी आदिवासी आपल्या मागण्या घेऊन विधानभवनावर चालून गेले. चेंगराचेंगरीत ११४ मेले. त्यात बायका आणि लेकरंच जास्त. दाणी आयोग बसला. कुणीच दोषी नाही! ११४ माणसं आपली आपण मेली. बाईची बाजू खमकेपणानं कुणी मांडली तर आणि न्यायाधीशाला पटली तर, अशा दोन 'तर'वर आपल्या मेलेल्या माणसांचा न्याय लोंबकळत ठेवलाय. हा न्याय झाला की मटका?

*

आयोगाची खोली कशी असते ते एकदा जाऊन बघा. प्रत्येकानं बघावी. कॉलेजात जे शिकवत नाहीत ते तिथं अर्ध्या तासात कळतं.

मधे न्यायमूर्ती. त्यांच्या एका बाजूला आयोगाचे वकील. हे कुणाच्याच बाजूचे नसतात, निदान नसावेत. दुसऱ्या बाजूला सरकारचे वकील, त्यांच्यामागं कागदांचे गठ्ठे घेऊन बसलेले ज्युनियर. त्यांच्या शेजारी पोलिसांचे वकील. मागच्या रांगेत युनिफॉर्मातले साहेब, वकिलाच्या कानात सांगायला. आणि सगळ्यात मागं, दाराजवळ, पंख्याचा वारा येत नाही तिथं, आपली माणसं. त्यांना वाटतं, समोरचे सगळे काळे कोट आपल्यासाठीच जमलेत. एखादी म्हातारी आयोगाच्या वकिलाला हात जोडून म्हणते, 'साहेब, तुम्हीच आमचे मायबाप.' तो बिचारा मान खाली घालतो. त्याला माहीत असतं, तो तिचा वकील नाही.

मग तिला पुढं बोलावतात. पोलिसांचा वकील उठतो. आवाज एकदम मऊ.

'बाई, तुमचा मुलगा काय करायचा?'

'बिगारी काम करायचा, साहेब.'

'रोज जायचा?'

'काम मिळंल तवा.'

'म्हणजे बेकारच होता. दारू प्यायचा?'

'सनावाराला...'

'संघटनेत होता? मोर्च्याला जायचा? त्या दिवशी रस्त्यावर कशाला गेला होता?'

'समदेच गेले व्हते, साहेब.'

'समदे गेले होते. लिहून घ्या.'

झालं! पाच मिनिटांत पोरगा बेकार, दारुडा, संघटनेचा, जमावातला झाला. गोळी कुणी घातली, कशाला घातली, किती अंतरावरून घातली, गोळी छातीत लागली का पाठीत, यातला एकही प्रश्न निघाला नाही. खटला मेलेल्यावर चालला. साक्षीदार त्याची आई. आणि 'हरकत आहे' असं म्हणायला तिच्या बाजूला एक माणूस नाही.

हे एका कुठल्या आयोगाचं वर्णन नाही. जिथं आपला वकील नाही तिथं हेच होतं. वर्षं बदलतात, प्रश्न तेच.

*

आता कायदा बघा. कारण ही काही कुणा एका न्यायाधीशाची किंवा वकिलाची बदमाशी नाही. ती छापील आहे.

चौकशी आयोग कायदा, १९५२. त्याचं कलम ८ ब म्हणतं, ज्या माणसाच्या वागणुकीची चौकशी करायची आहे किंवा चौकशीमुळं ज्याच्या अब्रूला धक्का लागण्याचा संभव आहे, त्याला आपलं म्हणणं मांडायची आणि बचावाचा पुरावा द्यायची संधी दिलीच पाहिजे. दिलीच पाहिजे! म्हणजे ज्यानं गोळी घातली त्याला.

कलम ८ क म्हणतं, तीन जणांना साक्षीदाराची उलटतपासणी घेता येईल, आयोगापुढं भाषण करता येईल, वकील देता येईल. पहिलं, सरकार. दुसरा, हा ८ ब मधला अब्रूदार माणूस. आणि तिसरा, ज्याची साक्ष आयोगानं नोंदवली असा दुसरा कुणीही माणूस, पण आयोगाची परवानगी असेल तर.

परत वाचा. सरकारला हक्क. गोळी घालणाऱ्याला हक्क. आईला परवानगी. तीसुद्धा तिची साक्ष घेतली असेल तर. 'मृताचे नातेवाईक' म्हणून या कलमांत वेगळी जागाच नाही. कायदा करणाऱ्यांना अब्रू दिसली, प्रेत दिसलं नाही.

अब्रू किती मोलाची आहे तेही ऐका. १९८८ साली दिल्लीत वकिलांवर लाठीमार झाला, त्याच्या चौकशीत पोलीस अधिकारी किरण बेदी यांना आधी साक्षीला उभं केलं. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९८९ साली न्यायालय म्हणालं, त्या ८ ब मध्ये येतात, त्यांची साक्ष सगळ्यात शेवटी घ्यायला हवी होती, अब्रू ही जगण्याच्या हक्काइतकीच मोलाची आहे. ठीक आहे. आम्हालाही अब्रू कळते. अब्रूसाठीच तर रमाबाई नगर रस्त्यावर आलं होतं. पण मग हाच तराजू आमच्या आईला का नाही? पोराला दंगलखोर म्हटल्यावर अब्रू मेलेल्याची जात नाही काय? का मेलेल्या महाराला, मांगाला, वडाराला, मुसलमानाला अब्रूच नसते?

अजून एक कलम आहे, सहावं. आयोगापुढं माणसानं जे सांगितलं ते पुढं दिवाणी किंवा फौजदारी खटल्यात त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. खोटी साक्ष दिल्याचा खटला असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे साहेबानं आयोगापुढं कबूल केलं तरी कोर्टात परत एकपासून सुरुवात. वर आयोग म्हणजे कोर्ट नव्हे. सर्वोच्च न्यायालयानं १९५८ साली दालमिया खटल्यात हे साफ केलंय. आयोग सत्य शोधणार, शिफारस करणार आणि घरी जाणार. अहवाल सहा महिन्यांत सभागृहापुढं ठेवायचा, सोबत काय कारवाई केली त्याचा कागद ठेवायचा, हे कायद्यात लिहिलंय. पण त्या कागदात 'आम्ही हा अहवाल फेटाळतो' असं लिहायलाही सरकार मोकळं. श्रीकृष्ण आयोगाचं काय केलं? १९९२-९३ च्या दंगलीवरचा तो आयोग जानेवारी १९९६ मध्ये युती सरकारनं गुंडाळलाच होता. ओरड झाली म्हणून मे महिन्यात परत उभा केला. १९९८ साली अहवाल आला तेव्हा त्याच सरकारनं तो झिडकारला.

*

इथं आपल्यातलाच एखादा तडफदार दोस्त उठेल. म्हणेल, 'मग आयोग म्हणजे धूळफेक आहे एवढं कळलंय ना? वकील देऊन त्या धुळीत लोळायचं कशाला? बहिष्कार टाका!'

भाऊ, निम्मं तुझं बरोबर आहे. आयोग हा प्रेशर कुकरची शिट्टी आहे. वाफ जाऊ द्यायची, डाळ आत शिजत ठेवायची. बहुतेक आयोग एवढ्यासाठीच नेमतात की तोवर लोक विसरावेत. भीमा कोरेगावचा आयोग २०१८ साली चार महिन्यांच्या मुदतीवर नेमला होता. पुढं मुदतवाढीवर मुदतवाढ. त्या मुदतवाढींचीच आता जयंती करावी.

पण दुसरं निम्मं ऐक. तू बहिष्कार टाकलास तरी आयोग चालतोच. सरकारचा वकील येतो, पोलिसांचा वकील येतो, टँकरची गोष्ट सांगतो, ती कुणी खोडत नाही. ती कागदावर जाते. न्यायमूर्तीच्या सहीनं जाते. उद्या फौजदारी कोर्टात, परवा इतिहासाच्या पुस्तकात तीच उभी राहते. तुझी घोषणा हवेत विरते, त्यांचा कागद राहतो. या देशात आपल्या बापजाद्यांना कागदानंच मारलंय. पोथीनं मारलं, सातबाऱ्यानं मारलं. मग कागद सोडून कसं चालेल?

आणि बाबासाहेबांनी काय केलं? चवदार तळ्याचं पाणी पेटलं २० मार्च १९२७ ला. हे आपल्याला पाठ आहे. दरवर्षी महाडला जातो. पण त्याच वर्षी डिसेंबरात सवर्ण कोर्टात गेले, मनाई आणली. मग बाबासाहेबांनी कोर्टात ते भांडण किती वर्षं लढवलं? दहा वर्षं. १७ मार्च १९३७ ला उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूनं लागला. ओंजळभर पाण्यामागं दहा वर्षांची फाईल होती. ओंजळीचा फोटो आपण भिंतीवर लावला. फाईल कुणी उघडली?

*

वकील आला म्हणजे नुसता काळा कोट आला असं नाही. तो आला की नेमकं काय बदलतं ते सांगतो.

आयोग बसला की पेपरात एक नोटीस येते. अमुक तारखेपर्यंत प्रतिज्ञापत्रं सादर करावीत. कुठल्यातरी आतल्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात. ज्या घरात प्रेत उठून दहा दिवस झालेत त्या घरात पेपर कोण वाचतंय? तारीख जाते. मग साहेब म्हणतात, मुदतीत आला नाहीत. वकील असला तर तारीख जात नाही.

त्याच्याही आधी आयोगाची कार्यकक्षा ठरते. म्हणजे कशाची चौकशी करायची. ती सरकार ठरवतं. 'घटना कोणत्या परिस्थितीत घडली' एवढंच लिहिलं की झालं. 'आदेश कुणी दिला' हा प्रश्न बाहेरच राहिला. वकील असला तर पहिल्याच दिवशी तो यावर बोट ठेवतो.

मग कागद. पोस्टमार्टेमचा अहवाल. पंचनामा. ठाण्याची स्टेशन डायरी. कंट्रोल रूममधली वायरलेसची नोंद, कुठला संदेश किती वाजता गेला ती. दारूगोळ्याची नोंदवही, किती राउंड दिले, किती परत आले ती. आता तर कॅमेरे आहेत, पण त्यातलं चित्रण जुन्यावर नवं चढून पुसलं जातं. पहिल्या आठवड्यात अर्ज दिला नाही तर पुढं मागूनही काही मिळत नाही. खरी साक्ष या कागदांत असते. माणूस खोटं बोलतो, दडपणाखाली येतो, विसरतो. वायरलेसच्या वहीतली वेळ विसरत नाही. पण ती वही मागवा असं म्हणणारा कुणी पाहिजे. ती बाई म्हणणार आहे काय? तिला वहीचं नावसुद्धा माहीत नाही.

कागद इंग्रजीत येतात. प्रतिज्ञापत्र इंग्रजीत लिहितात, तिला वाचून न दाखवता अंगठा घेतात. पुढं उलटतपासणीत विचारतात, 'तुम्ही इथं असं लिहिलंय, आता वेगळं सांगता?' ती गोंधळते. खोटी ठरते.

त्यात मदतीचा चेक घेऊन तलाठी येतो. चेक घ्यायला कागदावर सही. कशावर सही केली ते तिला कुणी सांगत नाही. चेक घेतला म्हणून वस्तीतले चार लोक तोंड फिरवतात, नाही घेतला तर चूल पेटत नाही. तिच्या दुसऱ्या पोरावर दंगलीचा गुन्हा टाकलेला असतो. रात्री कुणीतरी येऊन सांगतं, साक्ष जरा जपून दे, म्हणजे त्याचं नाव निघेल. हे सगळं ती कुणाला सांगणार? या सगळ्याला मिळून 'कायदेशीर मदत' म्हणतात, नुसत्या भाषणाला नाही.

*

सरकारी माणूस म्हणेल, 'अहो, मोफत विधी साहाय्य आहे की!' आहे. घटनेत ३९ अ आहे. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे. त्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, उत्पन्न न बघता, मोफत वकील मिळतो. पण कशासाठी? खटला दाखल करायला किंवा लढवायला. आयोग कोर्ट नाही हे आधीच सांगून ठेवलंय. म्हणजे खिडकीवरच्या कारकुनाला बाईला परत पाठवायला पळवाट तयार. ॲट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांत पीडिताला हवा असेल तर जिल्हाधिकाऱ्यानं नामवंत वकील द्यावा अशी सोय आहे. तीही विशेष न्यायालयातल्या खटल्यापुरती. प्रत्येक कायद्यात दार आहे आणि प्रत्येक दार आयोगाच्या खोलीच्या अलीकडं बंद होतं.

आणि हे होऊ शकत नाही असं नाही. इंग्लंडात शेफील्डला हिल्सबरोच्या मैदानावर १५ एप्रिल १९८९ ला फुटबॉल बघायला आलेली लिव्हरपूलची माणसं चिरडून मेली. शेवटी आकडा ९७ झाला. तिथंही पोलिसांनी हेच केलं. म्हणाले, दारू पिऊन आले होते, त्यांचीच चूक. पहिल्या मृत्यूचौकशीत नातेवाइकांनी वर्गणी काढून एक बॅरिस्टर दिला. समोर पोलिसांची आणि इतरांची वकिलांची फौज. १९९१ ला निकाल, अपघाती मृत्यू. आया-बाप हटले नाहीत. २०१२ ला तो निकाल रद्द झाला. नवी चौकशी सुरू झाली आणि या वेळी कुटुंबांच्या वकिलांचा खर्च सरकारला द्यावा लागला. २०१६ ला ज्युरीनं सांगितलं, ही माणसं बेकायदा मारली गेली. मैदान तेच, मेलेले तेच. आता नातेवाइकांच्याही बाजूला वकील होते, दडवलेले कागद बाहेर आले होते. सत्तावीस वर्षं लागली. अशा मृत्यूचौकशीत कुटुंबाला सरकारी खर्चानं वकील मिळावा असं विधेयक तिथं २०२५ साली मांडलं गेलं. गोऱ्या कामगाराच्या आईलाही फुकट काही मिळालं नाही. तिनं ते ओरबाडून घेतलं.

आपल्याकडचं ताजं बघा. परभणी. १० डिसेंबर २०२४ ला बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. वस्त्यांत धरपकड झाली. सोमनाथ सूर्यवंशी, वडार समाजातला, कायद्याचं शिक्षण घेणारा पोरगा. १५ डिसेंबरला कोठडीत मेला. सरकारनं मारहाणीचा इन्कार केला. त्याची आई उच्च न्यायालयात गेली. तिच्या बाजूनं ॲड. प्रकाश आंबेडकर उभे राहिले. ४ जुलै २०२५ ला औरंगाबाद खंडपीठानं पोलिसांवर गुन्हा नोंदवायचा आदेश दिला. त्या नुसत्या गुन्हा नोंदवण्याविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात धावलं, तिथं ३० जुलैला हरलं. गुन्हा नोंदवू नये म्हणून सरकारनं वकिलांवर खर्च केला तो कुणाचा पैसा? तुझा, माझा आणि त्या आईचाही. तिच्याच पैशानं तिच्याविरुद्ध वकील!

शिक्षा अजून लांबची गोष्ट आहे. पण रमाबाई नगरशी ताडून बघा. आईच्या बाजूला पहिल्यापासून वकील असला की काय होतं ते आठ महिन्यांत दिसलं. मग प्रश्न असा की हे प्रत्येक आईला का नाही? ज्या बाईचं पोरगं पेपरात गाजत नाही, जिच्या घरी नेते पोचत नाहीत, तिचं काय?

*

आता आपल्याकडं वळतो. राग आला तर येऊ द्या.

आपण मेलेल्यांना शहीद म्हणतो. भागवत जाधव १९७४ च्या जानेवारीत परळला मोर्च्यावर वरून टाकलेल्या पाट्यानं मेला. वरळी-नायगावच्या त्या दंगलीवर भस्मे आयोग बसला. त्याचा अहवाल आपल्यातल्या किती जणांनी वाचलाय? हात वर करा. नाव सगळ्यांना माहीत, अहवाल कुणालाच नाही. ११ जुलैला आपण घाटकोपरला जातो. मेणबत्त्या लावतो, गटागटानं वेगवेगळ्या सभा घेतो, आपापल्या नेत्याचं होर्डिंग लावतो. मेलेल्याच्या आईला स्टेजवर बसवतो, शाल देतो, फोटो काढतो. सभा संपली की तिला रिक्षाला पैसे आहेत का हे कुणी विचारत नाही. तिची पुढची तारीख कधी हे एकाही वक्त्याला सांगता येत नाही. एका आयोगापुढं चार गटांचे चार वकील जातात, चार वेगळ्या गोष्टी सांगतात आणि पोलिसांचा वकील हसतो. आपले काही वकील पदरमोड करून वर्षानुवर्षं उभे राहिले, त्यांना आपण चहासुद्धा पाजला नाही. त्यांच्या जिवावर चळवळीनं फुकट हिशेब मांडला.

मी हे बाहेरून बोलत नाही. मीही त्या स्टेजखाली टाळ्या वाजवल्यात.

म्हणून मागायचं काय ते नीट मागू. नुसतं 'न्यायालयीन चौकशी झालीच पाहिजे' पुरे झालं. घोषणा पुरी करू.

एक. चौकशी आयोग कायद्याचं कलम ८ क बदला. मृताचे नातेवाईक हे परवानगीनं नाही, हक्कानं पक्षकार.

दोन. आयोग जाहीर झाला त्या दिवसापासून कुटुंबाला वकील. निवडायचा कुटुंबानं, फी द्यायची सरकारनं. पोलिसांच्या बाजूनं जितका खर्च तितका.

तीन. कार्यकक्षा ठरवण्याआधी कुटुंबाचं ऐका. आदेश कुणी दिला हा प्रश्न तीत असलाच पाहिजे.

चार. प्रत्येक कागदाची मराठी प्रत, फुकट. तारखेला येणाऱ्याची बुडालेली रोजी आणि गाडीभाडं भरून द्या.

पाच. आयोगाच्या नावाखाली गुन्हा नोंदवणं थांबवू नका. दोन्ही एकदम चालवा. आणि अहवाल आला की पहिली प्रत मंत्र्याच्या टेबलावर नाही, त्या आईच्या हातात.

सरकार हे उद्या देणार नाही. तोवर आपण करायचं ते कुणाच्या परवानगीशिवाय करता येतं. आपल्यात एलएल.बी. झालेली, करत असलेली पोरंपोरी आता वस्तीवस्तीत आहेत. सोमनाथ त्यातलाच होता. घटना घडली की त्यातल्या दोघांनी त्या घरी जायचं. माइक घेऊन नाही, वही घेऊन. पहिल्या आठवड्यात पोस्टमार्टेम, एफआयआर, चित्रण, सगळ्याला लेखी अर्ज, पोच घेऊन. साक्षीदाराचं म्हणणं त्याच्याच भाषेत लिहून, वाचून दाखवून. एक फाईल कुटुंबाकडं, एक विहारात. गट कुठलाही असो, वकील एक आणि बाजू एक. प्रत्येक तारखेला वस्तीतली चार माणसं आळीपाळीनं त्या बाईसोबत. तिच्या डब्याची, बसभाड्याची, बुडालेल्या मजुरीची वर्गणी महिन्याच्या महिन्याला. जयंतीच्या डीजेचा एका रात्रीचा पैसा एका आईला किती तारखा पुरेल, हिशेब करून बघा.

पुढच्या वेळी शिपायानं विचारलं, 'कुणाकडं काम आहे?' तर तिच्या शेजारच्या काळ्या कोटानं सांगितलं पाहिजे, 'आमचं काम आहे. आम्ही पक्षकार आहोत. आतली खुर्ची कुठली?'

ती पुढची वेळ येऊ नये असं वाटतं. पण हा देश आपल्याला माहीत आहे. म्हणून वही आजच घ्या.

जय भीम!